बूट देऊ का, मामा?

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. हॉस्टेलवरून इतक्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. तर मॅडम विचारतात, "मामा, माझ्या गेममधल्या एका मुलीला उडते बूट हवेत. देऊ का?"

हुश्श!

आता नातेवाईक मंडळींसाठी थोडं सांगायला हवं (मावशी, तू मला नेहमी विचारतेस ना, की रविवारी दुपारभर टेबलाभोवती बसून तुम्ही नक्की करता काय?). आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढलेला खेळ. यात पट लागतोच असं नाही, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडणारा चोर. आणि एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे डीएम. राजवाडे, गुहा, राक्षस, सराईवाले, सगळं जग त्याच्या ताब्यात. गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगायची, आणि "हे जमेल का?" असं आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्याकडचा डीएम म्हणजे अस्मादिक. आणि आता भाचीने हॉस्टेलवर स्वतःची टोळी जमवली आहे, तिथली डीएम ती. मला किती बरं वाटलं काय सांगू.

तर मी म्हटलं, "दे की! पुस्तकात ते साध्याच वस्तूंमध्ये धरलेत."

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "तू असंच म्हणणार हे मला माहीत होतं. मी नववीत असताना यायची बंद झाले होते, आठवतंय? ते क्लासमुळे नव्हतं रे मामा. बुटांमुळे होतं."

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, की तिचे क्लास होते.

झालं होतं असं. ती नववीत असताना आमच्यात खेळायला लागली. तिचं पात्र चोराचं. भिंत चढायची, छपरावरून डोकावायचं, आत पहारेकरी किती ते मोजून यायचं आणि वरून दोर खाली सोडायचा. बाकीची मंडळी खाली श्वास रोखून उभी, आणि ही फासा टाकतेय. चौदा वर्षांच्या मुलीसाठी चार मोठ्या माणसांनी श्वास रोखणं ही काही लहान गोष्ट नाही. मग एका रविवारी मी एका थडग्यात खजिना ठेवला आणि त्यात निघाले उडते बूट. ते घेतले माझ्या मावसभावाच्या योद्ध्याने. पुढच्या रविवारी किल्ल्याची भिंत आली. भाचीने फासा उचलला, तोवर मावसभाऊ म्हणाला, "थांब, मी बघून येतो," आणि उडून गेला. वर गेला, बघितलं, दोर सोडला. दीड मिनिटात काम तमाम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग ती फोनमध्ये बघत बसायला लागली. मग म्हणाली, "मामा, मी नाही आले तरी चालेल ना?" आणि मी काय म्हणालो? "हो हो, अभ्यास महत्त्वाचा."

असो. या फोननंतर दोन-तीन रात्री मी जुनी पुस्तकं काढून बसलो होतो. जादूच्या वस्तूंचा 'तोल' हा या खेळातला जुना वाद आहे आणि त्यावर माझी ठाम मतं होती. आता ती बदलली आहेत, म्हणून हे लिहितोय.

माझं जुनं मत असं होतं: तोल म्हणजे खेळाडू विरुद्ध राक्षस. वस्तू फार जबरदस्त झाली की लढाया सोप्या होतात, फार फालतू दिली की माणसं मरतात. डीएमने मधली रेघ पकडायची. हे मत माझ्या एकट्याचं नव्हे. खजिन्याची खैरात करणाऱ्या डीएमला इंग्रजीत एक कुचकट नाव आहे, 'मॉन्टी हॉल'. १९६३ मध्ये सुरू झालेल्या 'लेट्स मेक अ डील' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाचं हे नाव. पडद्यामागे गाडी आहे की गाढव, असा तो प्रकार. आपल्याकडे त्याच धर्तीवर 'खुल जा सिम सिम' यायचं. गायगॅक्सनेही १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात असल्या उधळपट्टीबद्दल चांगलंच बजावून ठेवलंय.

पुढच्या आवृत्त्यांनी हा तोल आकड्यांत बांधायचा प्रयत्न केला. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वस्तूला किंमत होती, आणि कुठल्या लेव्हलच्या पात्राकडे एकूण किती मालमत्ता असावी याचं कोष्टक होतं. पाचव्या लेव्हलला ९,००० सोन्याची नाणी, दहाव्या लेव्हलला ४९,०००, विसाव्या लेव्हलला ७,६०,०००. एखाद्या सी.ए.ने केल्यासारखं काम! २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर जादूच्या वस्तू थेट खेळाडूंच्या पुस्तकात आल्या, आणि खेळाडूंनी आपल्याला काय हवंय त्याची यादी डीएमला द्यावी अशी सूचना होती. हिशोब चोख झाला, पण खजिना उघडताना धडधडायचं, ते गेलं. यादीप्रमाणे आहेर मिळाल्यावर कुणी पुडकं फाडताना उत्सुक असतं का?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने कोष्टक बाजूला ठेवलं आणि वस्तूंना दुर्मिळपणाचे शिक्के दिले: साधी, जरा वेगळी, दुर्मिळ, अतिदुर्मिळ, दंतकथेतली. (२०२४ मध्ये सुधारित पुस्तकं आली, पण आमची टोळी जुन्यावरच आहे. नवीन पुस्तकांचा खर्च घरी समजावून सांगणं अवघड!) शिवाय एक चांगला नियम आणला. ज्या वस्तूंशी पात्राला जुळवून घ्यावं लागतं, अशा वस्तू एका वेळी जास्तीत जास्त तीन.

पण या शिक्क्यांवर विसंबूनच मी भाचीला "दे की" म्हटलं होतं. आता जरा बघा. उडत्या बुटांवर शिक्का आहे दुसऱ्या पायरीचा, म्हणजे पहिल्या लेव्हलपासून द्यायला हरकत नाही. किंमत १०१ ते ५०० नाणी. त्याच खेळात पोलादी पूर्ण चिलखत, ज्यात जादू काडीचीही नाही, त्याला १,५०० नाणी! बूट चार तास उडवतात, तेही थोडं थोडं वाटून वापरता येतं. जादूगाराला उडण्याचा मंत्र मिळायला पाचवी लेव्हल गाठावी लागते, आणि तो टिकतो दहा मिनिटं, तेही लक्ष ढळू न देता. आणि गंमत म्हणजे एक तास उडवणारं औषध, एकदा प्यायलं की बाटली रिकामी, त्यावर शिक्का आहे 'अतिदुर्मिळ'! म्हणजे तासाभराची बाटली अतिदुर्मिळ, आणि रोजचे चार तास जवळजवळ साधे. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित पुस्तकांत हेच बूट दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं उडवायचे आणि किंमत होती १६,००० नाणी. पाचव्या लेव्हलच्या पात्राने सर्वस्व विकलं तरी परवडले नसते.

तेव्हा शिक्का म्हणजे तोल नव्हे. शिक्का फार तर सांगतो, की ही वस्तू जगात किती ठिकाणी सापडेल.

बरं, आकड्यांचं तरी खरं असतं का? साधं गणित करू. वीस बाजूंचा फासा, म्हणजे प्रत्येक अंकाला पाच टक्के. समजा तुम्हाला वार लागायला ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे ५० टक्के. अधिक एकची तलवार आली की झाले ५५. चांगलं आहे, पण जग बदलत नाही. आता ढाल घ्या. पूर्ण चिलखत आणि साधी ढाल असलेल्या योद्ध्याचा संरक्षणाचा आकडा २०. ऑर्क वार करतो अधिक ५ ने, म्हणजे त्याला १५ लागतात. शंभरात ३० वार लागणार. त्याच योद्ध्याला अधिक तीनची ढाल द्या. आता ऑर्कला १८ हवेत. शंभरात १५. म्हणजे मार थेट निम्मा! तलवारीचा आकडा आणि ढालीचा आकडा दिसायला सारखे, पण आधीच भक्कम असलेल्या माणसाच्या हातात ढाल कितीतरी जास्त काम करते. आणि पुस्तकात बघाल तर अधिक तीनचं चिलखत 'दंतकथेतलं', पण तेवढाच आकडा देणारी ढाल एक पायरी खाली.

आता खरी गोष्ट पुढे आहे. योद्ध्याला ऑर्क लागेनात, तर डीएम काय करणार? मी काय केलं? मोठे राक्षस आणले. अधिक १० ने वार करणारे. योद्ध्याचा आकडा २३, म्हणजे राक्षसाला १३ लागतात, ४० टक्के. छान, लढाई परत रंगली. पण शेजारच्या खुर्चीवर माझी बायको बसली होती, तिच्या जादूगारणीचा आकडा १३. तिला ऑर्कचे वार लागायचे ६५ टक्के. या नव्या राक्षसाचे लागतात ९० टक्के! तिने काय केलं होतं? काही नाही. तिच्या शेजाऱ्याला ढाल मिळाली, एवढाच तिचा गुन्हा.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राक्षसांशी तोल साधणं हा डीएमचा प्रश्नच नाही. राक्षस माझ्याकडे अमाप आहेत. खेळाडूंनी कितीही दारूगोळा जमवला तरी मी उद्या त्यांच्यापुढे अख्खी फौज उभी करीन. तोल साधायचा असतो तो शेजारच्या खुर्चीशी. जादूची वस्तू हातात पडते एकाच्या, पण तिची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी मोजतं. आणि ते मोजणारं माणूस सहसा तक्रार करत नाही. ते फोनमध्ये बघत बसतं. मग म्हणतं, मी नाही आले तरी चालेल ना?

आता कुणी म्हणेल, अहो, खेळ आहे, मजा करा की, कसले तोल आणि कसली टक्केवारी! मान्य आहे. चिंगूस डीएम मलाही आवडत नाही. वर्षभर खेळून एक गंजका खंजीर हाती येणार असेल तर घरी बसून झोप काढलेली काय वाईट? आणि सगळ्यांना सारखं वाटून देणं हाही उपाय नाही. चौघांनाही उडते बूट दिले असते तर भिंत चढायचं कामच संपलं असतं, म्हणजे भाची तशीही फोनमध्येच! सारखं मिळण्यापेक्षा प्रत्येकाची गरज लागणं महत्त्वाचं.

लक्षात आल्यावर मी तेव्हा काय केलं, तेही सांगतो, कारण ती चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी होती. भाची यायची थांबली ते मी क्लासच्या खात्यात टाकलं होतं. पण किल्ले फारच सोपे पडताहेत हे दिसत होतं. मग एका सराईत रात्री चोर आला आणि बूट घेऊन गेला. फासा नाही, झटापट नाही, "सकाळी उठता तर बूट गायब." मावसभाऊ तोंडाने काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याचा योद्धा कुठल्याही सराईत झोपायचा बंद झाला. रोज रात्री वहीत लिहायचा, "ढाल छातीवर, तलवार पट्ट्याने मनगटाला, दाराला खाट लावली." जगातला प्रत्येक सराईवाला त्याच्या लेखी दरोडेखोर. मला हसू यायचं. आता वाटतं, तो सराईवाल्यावर कुठे रागावला होता? तो माझ्यावर रागावला होता. मी दिलं, आणि न विचारता काढून घेतलं.

यापेक्षा आपल्या जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे जास्त कळत होतं असं मला वाटतं. युधिष्ठिराला सूर्याने दिलेली थाळी घ्या. अन्न संपतच नाही, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं बंद. आमच्या भाषेत 'दिवसातून एकदा'. आणि दुर्वास ऋषी शिष्यांचा लोंढा घेऊन येतात ते नेमके ती जेवल्यावर! ती मर्यादा नसती तर दुर्वास आले, जेवले, गेले. गोष्ट कुठली व्हायला? किंवा कर्णाची वासवी शक्ती. एकदाच वापरायची, आणि तीही कवचकुंडलं देऊन मिळालेली. अर्जुनासाठी जपून ठेवली आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर टाकावी लागली. अस्त्र लहान नव्हतं. कुणाला मारायचं हे ठरवणं जड होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही या जातीची एक जुनी वस्तू आहे, १९७६ पासून चालत आलेली. वेक्ना नावाच्या दुष्ट मांत्रिकाचा हात. शक्ती प्रचंड, पण तो लावायचा तर आधी स्वतःचा हात तोडावा लागतो. असली वस्तू मिळाली की टेबलावर दहा मिनिटं कुणी बोलत नाही. माझ्या मते चांगल्या वस्तूची हीच खूण. वाईट वस्तू प्रश्न संपवते, चांगली वस्तू नवा प्रश्न टाकते.

याचा पुरावा माझ्याच घरात घडला, आणि त्याचं श्रेय मला मुळीच नाही. दहावीच्या सुट्टीत भाची परत आली. त्या दिवशी मी खजिना फासे टाकून ठरवला आणि निघाला 'न हलणारा दांडा'. लोखंडी दांडा, त्याला बटण. दाबलं की दांडा आहे तिथे, हवेतसुद्धा, घट्ट. ८,००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांपर्यंत वजन पेलतो. ना तलवारीचा आकडा, ना ढालीचा. कुणालाच नको होता, म्हणून तिला मिळाला.

त्या दांड्याने तिने काय काय केलं! दाराला अडसर लावला. विहिरीच्या तोंडाशी हवेत रोवून त्याला दोर बांधला आणि अख्खी टोळी खाली उतरवली, योद्ध्यासकट. महाकाय मगरीच्या जबड्यात तो उभा धरून बटण दाबलं तेव्हा माझा मावसभाऊ खुर्चीवरून उठून नाचला होता. तोच, ज्याने तिचं भिंत चढणं खाल्लं होतं. बूट सांगत होते, "तुम्ही थांबा, मी जातो." दांडा दर वेळी विचारायचा, "आता कुठे लावू?" आणि उत्तर शोधायला सगळे वाकून बघायचे. गंमत म्हणजे पुस्तकात दोघांवर शिक्का एकच आहे.

तर भाचे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या रात्री घाईत दिलेलं मागे घेतो.

आधी त्या मुलीला बूट देऊ नकोस, उडायच्या औषधाची एक बाटली दे. पुस्तक तिला अतिदुर्मिळ म्हणतं, म्हणू दे. बाटली एक संध्याकाळ टिकेल. त्या संध्याकाळी उडणारीकडे बघू नकोस, बाकीच्यांकडे बघ. कुणाचा फासा टेबलावर नुसताच पडून राहिला? कुणाचं काम त्या एका तासात संपलं? कुणाचंच नसेल, तर खुशाल बूट दे, तिला उडू दे, उडण्यात मजा आहेच. कुणाचं संपत असेल, तर त्या मुलीला आधी काहीतरी दे. मोठं नको. प्रश्न विचारणारं दे. आणि एवढं करूनही चुकलंच, तर चोर पाठवू नकोस. टेबलावर हात ठेवून सरळ सांग, "माझं चुकलं, जास्त दिलं गेलं, काय करूया?" खेळणारी माणसं शहाणी असतात. तुझा मावसमामा तेव्हा स्वतःहून बूट देऊन मोकळा झाला असता, हे मी त्याला परवा विचारून घेतलंय. तो म्हणाला, "अरे, मला वाटलं ती कंटाळली. मला कुणी सांगितलंच नाही."

मलाही नव्हतं सांगितलं कुणी. पण डीएमला दिसायला हवं होतं. टेबलाच्या त्या टोकाला बसून सगळ्यांचे चेहरे दिसतात, म्हणून तर ती खुर्ची डीएमची.

फोनवर हे म्हणायचं राहून गेलं, म्हणून इथे म्हणतो. सॉरी गं. क्लास नव्हते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दिवाळीत ये. विहिरीखालचा तो दरवाजा अजून कुणी उघडलेला नाही.